दिगूचं विमान

“बुधवारी? दुपारी बाराक? व्हय रे दिगू, सांगतंय तुझ्या आवशीक. आणि काय म्हणतंस...?”

एवढंच. एवढंच माझ्या कानावर पडलं. आणि त्या एवढ्याशावर मी जो काही गोंधळ घालून ठेवला ना, तो आठवला की अजून हातातला घास ताटात परत जातो. हसा तुम्ही, सगळेच हसतात. सांगताना अर्ध्यापर्यंत मीसुद्धा हसते. पुढे मात्र हसवत नाही.

आमची वाडी सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे वर मैलभर पसरलेला सपाट कातळ. पावसाळ्यात त्यावर हिरवं गवत, एरवी काळा तवा. गुरं चरतात, कडेकडेने काजू आहेत, आणि वाऱ्याशिवाय तिथे कुणाचं काही काम नव्हतं. तर या सड्यावर विमानतळ होणार, अशी बोलणी सुरू झाली. साधासुधा नाही हो, आंतरराष्ट्रीय! दोन माणसं दुर्बीण घेऊन आली, तिवई मांडून बघून गेली, जाताना लाल रंग लावलेले दगड पुरून गेली. झालं! वाडीत दुसरा विषयच नाही.

कोण म्हणे, सकाळी झाडावरून काढलेला हापूस दुपारी दुबईत. कोण म्हणे, चतुर्थीला मुंबईकर तासाभरात दारात. आमच्या गावचे मानकरी तात्या, त्यांच्या काजू सड्यावर. ते तेवढे गप्प असायचे. एकदाच म्हणाले, “विमाना उतारतली तर गुरा खंय चरतली?” लोक पुन्हा दुबईच्या हापूसवर वळले.

आणि आमच्या शेजारच्या जनाकाकीचा एकच प्रश्न. “कुंदा, बोटीवरची माणसा विमानान येतत काय गो?”

जनाकाकी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचं घर. नवरा लवकर गेला, उभा जन्म डोकीवर माशांची टोपली घेऊन गावोगाव फिरली आणि एकुलत्या झिलाला, दिगूला, वाढवलं. दिगू मालवाहू जहाजावर लागला. आज या बंदरात, उद्या त्या. तीन वर्षं झाली होती, घरी आला नव्हता. मधल्या काळात काकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा. ही ऐकेल तर शपथ!

“दिगू येवंदे. तेचा तोंड एकदा बघतंय, मगे काय ता कापा,” म्हणायची. “आधीच कापला आणि होता ता पण गेला, तर मी तेका कशान बघू?”

धुरकट दिसायचं तिला. माझ्याकडे बघताना मान कलती करून बघायची, कोंबडीसारखी. जेमतेम एवढी दृष्टी ती झिलासाठी राखून होती. हे मला ठाऊक होतं, नीट ठाऊक होतं. म्हणून तर माझा गुन्हा मोठा.

त्या सोमवारी मी साखर आणायला बापूशेटच्या दुकानात गेले. वाडीतल्या सगळ्यांचे फोन बापूशेटकडे येत. ते फोनवर ओरडून बोलत, म्हणजे पलीकडच्या माणसाला फोनची गरजच पडू नये. मी पायरीवर पाय ठेवला आणि ते वरचं वाक्य ऐकलं. बुधवारी, बाराक, दिगू, आणि आवशीक, म्हणजे आईला!

आणि तेवढ्यात बाकावर सोडा पीत बसलेले तलाठी भाऊ मला म्हणाले, “वहिनी, परवा बुधवारी गुरं सड्यावर सोडू नका हं. बाराच्या सुमाराला वरून उतरणार आहेत.”

“कोण उतरणार?”

“मोठे लोक. विमानतळाची जागा बघायला...”

पुढचं कोण ऐकतंय! बुधवार तोच, बारा तेच. एक फोनवर सांगतो येतोय, दुसरा सांगतो वरून उतरणार. तुम्हीच सांगा, मी सातवी शिकलेली बाई, दोन आणि दोन चार करणार नाही तर काय करणार? परदेशातून माणसं आणणारं विमान पहिल्यांदाच सड्यावर उतरतंय, आणि त्यात आपला दिगू!

मी साखर न घेताच पळाले. मागून बापूशेट ओरडले, “ओ कुंदावैनी! पुरता आयका तरी!”

“कळला, कळला! मीच सांगतंय काकीक!” मी रस्त्यावरूनच हात हलवला.

संध्याकाळी ते आमच्या घरावरून चालले होते. कुंपणाशी थांबून त्यांनी विचारलं, “सांगलास काय?”

“सांगलंय.”

“सगळा?”

“सगळा,” मी म्हटलं. माझ्याजवळ होतं ते सगळं मी सांगितलंच होतं की! त्यात थोडी स्वतःची भरही घातली होती. ते समाधानाने घरी गेले.

मंगळवारी वाडीची बैठक आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. बापूशेट तेवढे माल आणायला बाजाराला गेलेले, बुधवारी दुपारी परतायचे होते. जनाकाकी मधोमध बसलेली, पदर डोकीवरून घट्ट, तोंडभर हसू. आमचे हे शाळेत शिपाई, त्यामुळे यांना वाटतं आपण मास्तर. हे म्हणाले, “अगे, सड्यार धावपट्टी नाय, काय नाय. विमान उतारतला कसा?”

“तिथे मैलभर कातळ सपाट आहे तो काय गोट्या खेळायला?” मी म्हटलं. यांच्याशी मी भांडताना शुद्ध बोलते.

“आणि कातळार काटे आसत, गुरांची हाडा पडली आसत,” कुणीतरी म्हणालं. “चाक फुटला म्हणजे?”

हा मुद्दा सगळ्यांना पटला. पाहुणा येणार म्हटल्यावर खळं झाडतो, सारवतो, मग विमान येणार तर सडा नको झाडायला? ठरलं. बुधवारी सकाळी घरटी एक बाई, एक झाडू, एक शेणाची बादली.

तात्या म्हणाले, “सड्याच्या राखणदार देवाक इचारल्याशिवाय कायव उतारता नये. गाऱ्हाणा घालूक होया.”

आणि जनाकाकी हळूच म्हणाली, “मी शिरवाळे करतंय. नारळाच्या रसातले. तेका आवडतत.”

डोळ्यांना दिसत नव्हतं तरी पहाटे उठून तिने तांदळाचं पीठ उकडलं, साच्यातून शिरवाळे पाडले. मी मदतीला गेले तर हात लावू दिला नाही. डबा भरला, नवं लुगडं नेसली. निघताना म्हणाली, “कुंदा, घर उघडा टाकूया? वाटेत चुकामूक झाली तर तो आत तरी जायत.”

बघा! तिला सुचलं होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, “काकी, विमानातून उतरलेलो माणूस वाट चुकता काय?” मीच कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोवली.

सगळी वाडी सड्यावर. पाऊण तासाची चढण, काकीला दोघांनी हात धरून नेलं. वर गेल्यावर बायकांनी अंगण झाडावं तसा कातळ झाडायला घेतला. काटे वेचले, दगड बाजूला केले, मधोमध चांगला खळ्याएवढा तुकडा शेणाने सारवला. त्यावर मी रांगोळी काढली. कमळ, चार पाकळ्या जास्तच. आमच्या ह्यांना विचारलं, विमान कमळावरच उतरेल ना? हे लांब जाऊन उभे राहिले.

तात्यांनी नारळ ठेवला, हात जोडले. “बा देवा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी.

“आज हय विमान उतारता हा. तेच्या वाटेत काय आडमाड आसात, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जनाकाकीचो झील सुखरूप तिच्या पदरात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काकीचा आवाज सगळ्यांत मोठा.

तात्यांनी श्वास घेतला आणि त्याच दमात म्हणाले, “आणि उतारला तसा ता परत जावंदे. आमच्या काजू, आमची गुरा, आमची जमीन हंयच रवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोकांच्या तोंडून निघून गेलं. मग एकमेकांकडे बघायला लागले. हापूस दुबईला पाठवणारे जास्तच बघायला लागले.

बारा वाजले. साडेबारा वाजले. एक झाला. कातळ तापून नुसता तवा. काकी डबा पदराखाली धरून बसलेली, ऊन लागून रस नासेल म्हणून.

“येता ना गो?”

“येता, काकी. परदेशातून येणारा, उशीर व्हतलोच.”

अडीचला आवाज आला. घर्र घर्र. काकी उठून उभी राहिली आणि आवाजाच्या उलट्या दिशेला हात हलवायला लागली. मी तिला खांद्याला धरून वळवलं.

आलं ते काही लांबलचक पांढरंशुभ्र विमान नव्हतं. डोकीवर पंखा फिरवत एक हेलिकॉप्टर आलं. पण आमच्यासाठी आभाळात आवाज करतं ते विमानच! सरळ आमच्या सारवणावर उतरलं. आणि मग काय झालं म्हणता? रांगोळीचं कमळ उडालं. अर्धवट सुकलेलं शेण उडालं. तात्यांची टोपी, बायकांचे पदर, झाडू, रिकाम्या बादल्या, सगळं सड्यावर गरागरा. माझ्या तोंडात कमळाची एक पाकळी. डोळे उघडले तर सगळी वाडी शेणाने ठिपक्याठिपक्यांची, आणि समोर तिघेजण उतरलेले, तेही ठिपक्यांचे.

तिकडून रस्त्याने जीप आली, तलाठी भाऊ धावत आले. झाडू घेतलेला जमाव बघून त्यांचा चेहरा पांढरा. “अहो, मोर्चा आहे की काय? विरोध असेल तर निवेदन द्या, असं झाडू घेऊन...”

“विरोध खंयचो? दिगूक नेवक इलंव!” मी म्हटलं.

“कोण दिगू?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोवर जनाकाकी पुढे गेली होती. तिघांतला एक तरुण होता, उंच, काखेत नकाशांची गुंडाळी, इंजिनीअर असावा. दिगूही उंच. तिने हात वर करून त्याचा चेहरा चाचपला. गाल, कपाळ, कान. चेहऱ्यावरचं शेण पदराने पुसलं.

“किती सुकलंस रे दिगू,” ती म्हणाली. “जहाजार जेवक घालनत नाय?”

तो मुलगा ना मागे सरला, ना पुढे. बरोबरचे साहेब काही बोलणार, तर याने नकाशाच्या हाताने त्यांना थांबवलं. मग खाली वाकून हळूच म्हणाला, “आजी, मी दिगू नाही हो.”

तिचा हात त्याच्या गालावर तसाच. “मगे दिगू खंय आसा?”

तो इकडेतिकडे बघायला लागला. आणि मी काय केलं? मी हेलिकॉप्टरच्या दारात डोकं घालून आत बघितलं! आत एक पायलट आणि पाण्याची बाटली. मी पायलटला विचारलं, “सायबानू, अजून एक विमान मागून येता काय?”

तो म्हणाला, “मावशी, इथे विमान यायला अजून बरीच वर्षं आहेत.”

सगळी वाडी आता माझ्याकडे बघत होती. आमचे हेसुद्धा. मी तलाठी भाऊंना म्हटलं, तुम्हीच सांगितलंत की वरून उतरणार! ते म्हणाले, “हे उतरले की! मी कुठे दिगू म्हटलं?” खरंच, कुठे म्हटलं होतं?

आणि तेवढ्यात चढणीवरून बापूशेट. धोतराचा सोगा हातात, तोंड लालेलाल, बोलायला श्वास नाही.

“काकी! अगो, हय काय करतंस? दिगू इलोहा! बारा वाजल्यापासून घराच्या पायरीर बसलोहा!”

काकी त्यांच्या आवाजाकडे वळली.

“जहाज गोव्याक लागलाहा. एका दिसाची सुट्टी. टॅक्सी करून इलो. खंय जवळ गेली आसतली, येतली म्हणान वाट बघत रवलो. तीन वाजता तेका निघूक होया, नायतर जहाज चुकतला. मी दोनाक बाजारातून इलंय, सड्यार माणसा दिसली. वाटो दोन, चुकामूक नको; ‘सोधून आणतंय’ इतक्याच सांगान तेका घराक बसवन मी इलंय.” मग माझ्याकडे वळले. “वैनी, फोनवर तेना पुढे काय सांगलान, म्हायत आसा? ‘आवशीक सांग, खंय जाव नको, घराकच रव.’ तुमी म्हणालास सगळा सांगलंय!”

पावणेतीन झाले होते.

जनाकाकीला घेऊन उतरायचं म्हणजे तासाच्या आत शक्य नाही. जीप रस्त्याने गेली तर वळसा घालून त्याहून लांब, आणि पुढे खाडीकाठची पायवाट. मी त्या इंजिनीअरचा हात धरला. “सायबानू, पाया पडते. हिला या विमानातून खाली सोडा. ते बघा, ते नळ्याचं, कौलारू घर!”

त्याने वाकून बघितलं. खाली सगळी माडांची राई. “तिथे उतरणारच नाही ते, मावशी,” तो म्हणाला. पडेल चेहऱ्याने म्हणाला, पण म्हणाला. आभाळातून कुठूनही कुठेही जाणारं ते यंत्र आमच्या शेणात उभं, आणि डोळ्यांसमोर दिसणाऱ्या घरापर्यंत म्हातारीला नेण्याची त्याची ताकद नाही!

दोन धट्टेकट्टे गडी पुढे धावले, दिगूला थांबवायला. आम्ही काकीला घेऊन उतरायला लागलो. ती ठेचकाळत होती, तरी म्हणत होती, “बेगीन चला गो, बेगीन.” मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते दोघे अर्ध्या वाटेवर परत भेटले. मान खाली. टॅक्सीचा धुरळा तेवढा दिसला होता.

घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पायरीवर एक पिशवी, आत लुगडं आणि छोटा रेडिओ. आणि पडवीतली सगळी भांडी, घागर, कळशी, बादली, गुरांचं घमेलंसुद्धा, विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. तीन तास बसून काय करणार? आईला दिसत नाही, पाणी ओढताना तोल जाईल, म्हणून त्याने दिसेल ते भरून ठेवलं होतं.

काकी चाचपत विहिरीवर गेली. दोर हातात घेतला.

“ओलो आसा गो,” ती म्हणाली.

मी कमरेची किल्ली काढली. सगळ्यांसमोर ते कुलूप मला उघडवेना; शेवटी आमच्या ह्यांनी किल्ली घेतली.

तर अशी माझी बातमी. अर्धी खरी ठरली, बघा. बुधवारी दिगू आला, हे खरं. बुधवारी आभाळातून उतरलं, हेही खरं. फक्त जे वरून उतरलं त्यात दिगू नव्हता, आणि दिगू होता तिथे आम्ही नव्हतो. विमानतळाचं म्हणाल तर लाल दगड अजून तिथेच आहेत. होणार, होणार म्हणतात. नक्की होणार, असं आता कागदावरही आलंय म्हणे. मला विचारू नका.

आठ दिवसांनी दिगूचा फोन आला. काकीने मला बरोबर नेलं. मी नको नको म्हणत होते, पण तिने मनगट धरलं ते सोडलं नाही. फोनवर तो ओरडून विचारत होता, ते मला बाहेर ऐकू येत होतं. “आये, खंय गेलेलंस गो? सगळी वाडी बंद!”

बापूशेट माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

काकी म्हणाली, “डोळे दाखवूक गेलेलंय रे, कुडाळाक. माका तुझो निरोपच उशिरान गावलो. वाडीतले बाकीचे खंय गेलले, माका काय म्हायत? कुंदा माका घेवन गेलेली. ती नसती तर मी खंय जातंय?”

मग तिने फोन माझ्या हातात दिला.

“कुंदाकाकी,” दिगू म्हणाला. “तुमचे उपकार कसे फेडू? मी किती दिवस सांगत होतंय तिका डोळ्यांचा. भेट नाय झाली तरी चलात, पण तुमी तिका डाक्टरकडे नेलास.”

मी, जिचं तोंड बंद करायला वाडीला संध्याकाळ लागते, ती मी फक्त “व्हय” म्हटलं.

बाहेर आल्यावर काकी म्हणाली, “आता खराच जावक होया गो. पोराक खोटा सांगलंय मी.” आणि खरंच आम्ही कुडाळला गेलो, महिन्याभरात ऑपरेशन झालं. दिसायला लागलं तिला. दिगू मात्र त्यानंतर अडीच वर्षांनी आला. ती अडीच वर्षं मी रोज कुंपणापलीकडे बघत होते.

आता तो येतो तेव्हा आधी माझ्या दारात येतो. वाकून नमस्कार करतो आणि पिशवीतून काहीतरी काढतो. कधी वासाचा साबण, कधी गरम शाल, गेल्या खेपेला एक मनगटी घड्याळ. “तुमी आवशीक डोळे दिलास,” म्हणतो. मागे जनाकाकी उभी असते, सगळं लख्ख बघत, एक शब्द बोलत नाही.

आणि मी घेते हो. नको म्हणायची सोय आहे कुठे? का नको, हे त्याला सांगावं लागेल.